तांबडा दिवा

इशारा देणाऱ्याचा राग येणें हा मनुष्यस्वभावच आहे. माझ्या जुन्या हायब्रिड मोटारींत ब्रेकचा तांबडा दिवा लागला, तेव्हां वाशिंदचा मिस्त्री म्हणाला, "सर, कोड पुसून देतों, दिवा जाईल." दिवा जाईल, पण दोष? ब्रेकचें तेल पुरेसें होतें, १२ व्होल्टची बॅटरीहि ठीक होती. मात्र पेडल दाबावें तों दर वेळीं पंप घुरघुरे. दाब सांठविणाऱ्या भांड्यांतला नायट्रोजन निसटला, कीं असेंच होतें. पंप थकला म्हणजे सारा भार एकट्या पायावर! पुढें कसाऱ्याचा घाट. १८६५ सालीं सुरू झालेल्या तिथल्या रेल्वेचा चढ ३७ फुटांस १ फूट. बेफाम गाडीसाठीं तिथें निराळा रूळ ठेवलेला आहे. मोटारीला तशी सोय कुठली? मीं दिवा पुसूं दिला नाहीं. मोटार अंगणांत उभी आहे. मी लोकलनें हिंडतों आणि त्या तोंडाळ दिव्याचे उपकार मानतों.