माळ्यावरची ट्रंक

मे महिन्यात आजोळी जमलो की पहिल्याच दिवशी पाठीला पाठ लावून उंच्या मोजल्या जायच्या. सत्तरच्या दशकातल्या एका सुट्टीत मुली एकदम पुढे निघून गेल्या. मावसबहीण दादापेक्षा चांगली चार बोटं उंच! दादा आठवडाभर तिच्या शेजारी उभा राहीना. वयात येताना मुलींची उंची मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढते, एवढं कुणी सांगितलं असतं तर बिचाऱ्याला आमरस गोड लागला असता. आजी म्हणायची, "मुलीची जात, भराभर वाढायचीच."

रात्री गच्चीवर आम्ही ओळीने झोपायचो. वयात येण्याचा सुरुवातीचा कारभार झोपेतच चालतो. हायपोथॅलॅमसकडून इशारे सुटतात, पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि तिची संप्रेरकं बीजकोषांना, वृषणांना कामाला लावतात. आम्ही आपले गोधडीसाठी भांडत होतो.

मग एखादी बहीण अचानक 'बाजूला' बसायची. माजघराच्या कोपऱ्यात वेगळी सतरंजी, वेगळं ताट. धाकट्यांनी विचारलं की उत्तर ठरलेलं: कावळा शिवला. आम्ही इमानदारीत परसातल्या कावळ्यांना दगड मारायचो. तिच्या वाट्याला मात्र जुन्या लुगड्याच्या घड्या आणि नियम. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, धुतलेल्या घड्या परकराखाली वाळवायच्या. ज्या कापडाला कडक ऊन हवं, तेच नेमकं आडोशाला! पहिली एकदोन वर्षं दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, म्हणून पाळी मागेपुढे होते, याबद्दल अवाक्षर नाही. तारीख चुकली की ती एकटीच घाबरायची.

मुलग्यांना नियम नव्हते, थट्टा होती. टेस्टोस्टेरॉनने स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब-जाड होतात, आवाज फाटतो. मामा हटकून त्याच पोराला आरतीची सुरुवात करायला सांगायचे. एक मामेभाऊ मात्र त्या वर्षी विहिरीवर सदरा काढेना. छातीत सुपारीएवढी दुखरी गाठ आली होती. आपण मुलगी होणार, या भीतीने तो रात्ररात्र जागा. या वयात कितीतरी मुलांना असं होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. त्याने हे आम्हाला सांगितलं ते चाळिशीत, स्वतःचा मुलगा पोहायला जायचं टाळू लागला तेव्हा.

वाडा विकायचा ठरला तेव्हा ताईने माळा आवरला. आजोबांच्या ट्रंकेत र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' या लैंगिक शिक्षणाच्या मासिकाचे अंक निघाले. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं कर्व्यांनी ते मासिक चालवलं, म्हणजे आमच्यातल्या कुणाचाही जन्म होण्याआधीच ते बंद पडलेलं. अंक नीट सुतळीने बांधलेले, काही पानांवर पेन्सिलीच्या रेघा.

"म्हणजे आजोबांना सगळं ठाऊक होतं!" ताई उसळली.

मावशी शांतपणे म्हणाली, "ठाऊक असेल गं. पण तुझ्या आजीपुढे बोलायची छाती होती का त्यांची?"