सातापैकी पाच

पावसामुळे त्या रात्री इशाची नमाज आम्ही घरीच जमाअतने पढलो. सलाम फेरल्यावर मागच्या सफमधून आमची सात वर्षांची मुलगी म्हणाली, "अब्बा, तुमचे पाचच झाले."

कसले पाच? मदरशात शिकलेले तिने बोटांवर मोजून दाखवले. सजद्यात सात अवयव जमिनीला टेकायला हवेत: नाकासह कपाळ, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे. "तुमचे पाय वरच होते. आणि अम्मी, तू जोहरला रुकूतून सरळ उभी न राहताच सजद्यात जातेस."

आधी आम्हाला हसू आले, मग थोडा रागही. इतकी वर्षे नमाज पढतोय, आता ही आम्हाला शिकवणार? पण चहा घेताना दोघेही गप्प होतो.

एका माणसाने मस्जिदीत घाईने नमाज पढली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला पुन्हा पढायला पाठवले, असे तीनदा घडले, ही हदीस आम्ही बयानात कितीदा ऐकली होती! ऐकताना दरवेळी दुसऱ्याचीच नमाज डोळ्यांसमोर यायची. त्या माणसाने मात्र कारणे सांगितली नाहीत. याहून चांगली मला येत नाही, मला शिकवा, एवढेच तो म्हणाला. मग त्याला शिकवले गेले: रुकूत स्थिर हो, उठून सरळ उभा राहा, सजद्यात स्थिर हो, दोन सजद्यांच्या मध्ये शांतपणे बस.

मुलीने विचारले, "मग दादीचे काय?" दादींचे गुडघे दुखतात, म्हणून त्या खुर्चीवर बसून पढतात. आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे. आम्हाला कुठला आजार होता? आम्हाला फक्त घाई होती.

त्या रात्री आम्ही नमाज पुन्हा पढलो. रुकूत पाठ सपाट, उठल्यावर प्रत्येक हाड जागेवर येईपर्यंत थांबणे, सजद्यात कोपरे जमिनीपासून वर, पायांची बोटे वळवून किबल्याकडे. घड्याळ पाहिले तर तीन-चार मिनिटेच जास्त लागली होती. एवढीच मिनिटे आम्ही रोज वाचवत होतो, आणि ती वाचवून टीव्हीसमोर बसत होतो.

मुले आपले बोलणे कमी ऐकतात, आपल्याला पाहतात जास्त. ती आमचे पाहून पाचच शिकली असती, तर त्याचा जाब कोणी दिला असता?

अल्लाह आमच्या अपुऱ्या नमाजा कबूल करो. आमीन.