लायकी

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे सुख आणि त्यांचा आत्मसन्मान यांचा परस्परसंबंध हाच माझ्या अध्यापनाचा विषय असल्यामुळे, मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली प्रसिद्ध केलेली दहा विधानांची मापिका मराठी करून मी सोलापुरातील अनेक वर्गांत वाटली आहे. आणि आपण इतरांइतकेच लायक आहोत, अशा आशयाच्या विधानापाशी मुलांची लेखणी थबकते, हे दरवेळी पाहिले आहे.

लायक हा फारसी दफ्तरांतून मराठीत रुळलेला शब्द नेमणुकीच्या हुकुमात 'लायक उमेदवार' म्हणून ताठ मानेने वावरतो, परंतु घरात आणि गल्लीत तो बहुधा कोणाची तरी लायकी काढण्यासाठीच उच्चारला जातो. तेव्हा ज्याने तो बाळपणापासून अपमानाच्या प्रसंगीच ऐकला, त्याने तो एकाएकी स्वतःच्या गौरवार्थ कसा वापरावा? भाषांतर करताना हे माझ्या ध्यानात आले नव्हते, याची खंत आजही वाटते.

सोलापूरच्या पूर्वभागातील एका विद्यार्थिनीने ते विधान कोरेच ठेवले. घरी तेलुगू बोलणारी ती मुलगी, तिची आई विड्या वळणारी. मी कारण विचारले, तेव्हा दुपट्ट्याचे टोक बोटाला गुंडाळीत ती म्हणाली, "सर, आई विड्या वळून कारखान्यात देती. तिथं छाट काढत्यात. छाट जास्त निघाली की त्या दिवशी घरात कुणी बोलत नाही. आज किती निघाली ते घरी गेल्यावर कळंल." छाट म्हणजे तपासणीत सदोष ठरवून बाजूला काढलेल्या विड्या.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० साली आत्मसन्मानाचे सूत्र अपूर्णांकाच्या रूपात मांडले: वर यश, खाली आकांक्षा, आणि आकांक्षा कमी केल्यासही मनुष्याला समाधान लाभते, असे त्याचे प्रतिपादन होते. पण ज्या घरात शिकणारी पहिलीच पिढी आहे, तेथे तो भाजक विद्यार्थ्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो, त्यावर आईबापांची, धाकट्या भावंडांची वहिवाट असते, आणि तो परस्पर कमी करण्याचा अखत्यार त्याला कोणी दिलेला नसतो. मानसशास्त्रज्ञ एड व मारिसा डीनर यांनी १९९५ साली ३१ देशांतील १३,११८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आत्मसन्मान आणि जीवनसमाधान यांचा सहसंबंध एकंदरीत ०.४७ आढळला, मात्र व्यक्तिनिष्ठ समाजांत तो दृढ आणि समूहनिष्ठ समाजांत शिथिल होता. हा निष्कर्ष मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो; त्याचा अर्थ मला त्या मुलीच्या कोऱ्या जागेने समजावून दिला.

तेव्हापासून मापिकेच्या शेवटी मी चार ओळींची जागा सोडतो आणि विचारतो, घरी तुमच्याविषयी काय बोलतात? या प्रश्नाला गुण नाहीत. तो कागद पुन्हा हाती दिल्यावर त्या मुलीने बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले, आणि मग लहान, गोलसर अक्षरांत लिहिले: 'आई म्हणते, माझ्या पोरीत छाट नाही.'