पुलाखालचें पाणी
बारामतीच्या एका स्नेह्यांशीं आमचा परवां वाद झाला. 'पुलाखालून बरेंच पाणी वाहून गेलें' या इंग्रजीवरून उसन्या घेतलेल्या वाक्प्रचाराचा अर्थ 'झालें गेलें विसरावें' असा त्यांचा आग्रह. इंग्रजींत प्रयोग दोन आहेत: एकांत मध्यंतरीं पुष्कळ घडलें एवढेंच, क्षमेचा भाव दुसऱ्यांत, जेथें झालेली गोष्टच पुलाखालचें पाणी ठरते. मराठींत पहिलाच रुळला, असें आमचें म्हणणें. (कऱ्हेच्या पुलाखालून वर्षांतून किती दिवस पाणी वाहतें, हें आम्हीं सभ्यपणें विचारलें नाहीं.) तेव्हां इंदापूरकडील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आमचें पाणी वाहून गेलेंच नाहीं." १९८० मध्यें पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याखालीं त्यांचें जुनें पळसदेव गेलें. पाणी फार ओसरलें, कीं तेथील देवालय वर येतें. हे गृहस्थ तें पाहावयास जातात. स्नेह्यांनीं 'विसरावें' हा शब्द पुन्हां काढला नाहीं.