आगाशीची वाट आणि गलबताचा तळ

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस निर्मळ आहे. शंकराचार्यांचे मंदिर, तळे आणि कार्तिक वद्य एकादशीची यात्रा यांमुळे या गावाची ख्याती दूरवर पोहोचली आहे. आगाशीच्या श्री मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनास वसईहून निघालेली अनेक कुटुंबे याच वाटेने पुढे जातात. त्या मंदिराशी ज्यांचे नाव जोडले जाते ते शेठ मोतीशा स्वतः जहाजांचे मालक होते. म्हणून दर्शनानंतर जवळच्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाणे अप्रस्तुत ठरू नये.

जावे मात्र ओहोटीला. उधाणाच्या दिवशी येथे पाणी चार मीटरहूनही अधिक खाली-वर होते. ते ओसरले, की एरवी न दिसणारे होड्यांचे तळ उघडे पडतात आणि प्रत्येकीचा स्वभाव कळतो.

निमुळत्या तळाची, खोल कण्याची होडी लाट कापत जाते. शिडावर चालताना वारा तिला सहजासहजी बाजूला रेटू शकत नाही; पण तिला खोल पाणी लागते आणि ओहोटीत ती कुशीवर कलंडते. सपाट तळाची होडी उथळ खाडीत शिरते, चिखलावर सरळ बसते, माल अधिक घेते. मात्र समोरून लाट आली की आपटते आणि आडव्या वाऱ्यात वाहवत जाते. दोन्ही गुण एकाच तळात पुरेपूर मिळत नाहीत. अधिक माल, की निश्चित पोहोच, हा हिशोब व्यापाऱ्याला नवा नाही.

अठराव्या शतकातील आंग्र्यांच्या गुराबांचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इतिहासकाराने केले आहे. लांबीच्या मानाने रुंद असल्याने त्यांना पाणी थोडे लागे. पुढचे टोक मात्र निमुळते असल्यामुळे समोरच्या लाटांत गुराब फार डुबकत असे; म्हणून नाळेवरील तक्तपोशीला कठडे ठेवीत नसत, वर आलेले पाणी आपोआप वाहून जाई. आकाराचा दोष आकारानेच सांभाळण्याची ही युक्ती दाद देण्याजोगी आहे.

रुंद बूड पहिल्या हेलकाव्याला थोपवते, पण वजन उंचावर रचले तर त्याचाही उपाय चालत नाही. माल उतरवून रिकाम्या निघालेल्या गलबताच्या तळाशी दगडांचे नीरम भरीत ते याचसाठी. अर्नाळ्याच्या किल्ल्याकडे होडीने जाताना मुलांनी उभे राहू नये, याचे कारणही तेच.