खटक्यामागची तार

वसईच्या आमच्या पट्ट्यात सायकल कुणी हौसेसाठी घेतली नाही. पहाटेचा दुधाचा फेरा असो की भाजीची टोपली स्टेशनावर पोहोचविणे असो, काळ्या, उभ्या, जड सायकलीने कित्येक घरांचा संसार वाहिला. तिला गिअर नव्हता. पुढे एक दातेरी चक्र, मागे एक. चढ आला की खाली उतरावे आणि हाताने ढकलावे, एवढेच तिचे शास्त्र. आज त्याच अंगणांत नातवंडांची जाड टायरांची, एकवीस वा चोवीस गिअरांची डोंगरी सायकल उभी असते आणि तिचा गिअर नीट पडेनासा झाला की घरातली वडील माणसे गोंधळून जातात.

वास्तविक गोंधळण्याचे कारण नाही. साखळीला एका चक्रावरून शेजारच्या चक्रावर ढकलणारा जो लहानसा सांगाडा मागच्या चाकाशी लोंबतो, त्याला डिरेलर म्हणतात. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध 'तूर द फ्रान्स' शर्यतीत त्याला परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोवर तेथील नामांकित स्पर्धकही चढापाशी उतरत, मागचे चाक काढीत आणि उलटे करून बसवीत. कारण चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांचे चक्र असे. पुढे डिरेलर आला, तरी तरफ नेमकी किती ओढायची हे स्वाराने कानाने ओळखावयाचे होते. १९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने प्रत्येक गिअरला एक ठरलेला खटका दिला. सोय झाली, पण अंगठ्याने चूक सावरून घेण्याची सवलत संपली. आठ चक्रांच्या रचनेत एका खटक्यासरशी तार सुमारे २.८ मिलिमीटर खेचली जाते आणि डिरेलर सुमारे ४.८ मिलिमीटर सरकतो. तार अर्धा मिलिमीटर जरी अडखळली, तरी खटका वाजतो आणि साखळी मात्र जागची हलत नाही.

आमच्या भाच्याच्या सायकलीचे एका पावसाळ्यानंतर असेच झाले. मोठ्या चक्रावर साखळी उशिरा चढे, लहान चक्रावर त्याहून उशिरा उतरे आणि पायडलवर जोर दिला की दाते सोडून दचका देई. दुकानात दोन स्क्रू फिरवून पाहिले गेले आणि मग, "सगळा गिअर सेटच बदलावा लागेल," असे सांगण्यात आले. खर्चाचा आकडा ऐकून आमची थोरली बहीण म्हणाली, "विकून टाका ती सायकल." मुलगा काही बोलला नाही. येत्या रविवारी मित्रांसोबत तुंगारेश्वरचा चढ चढण्याचे त्याने ठरविले होते. "मामा, तुम्ही एकदा बघाल का?" एवढेच त्याने विचारले.

आम्ही प्रथम पाना उचललाच नाही. सायकलीच्या मागे बसून डिरेलर चक्रांच्या रेषेत सरळ लोंबतो की नाही, ते पाहिले. तो ज्या कानाला अडकविलेला असतो, तो ॲल्युमिनियमचा कान मऊ धातूचा असतो. सायकल उजव्या अंगावर पडली की फ्रेमऐवजी तो वाकावा, अशीच योजना असते. येथे तो सरळ होता. मग साखळी मोजली. नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरतात. ही लांबी एक षोडशांश इंचाने वाढली, तर साखळी झिजली असे समजावे. तीही ठीक निघाली.

मग तार डिरेलरपासून सोडवून हाताने मागेपुढे ओढून पाहिली. ती रेतीतून ओढावी तशी खरखरत होती. मागच्या शेवटच्या वळणावर, जेथे पावसाचे पाणी उतरून साचते, तेथे आवरणात गंज चढला होता. शिवाय तो तुकडा ब्रेकच्या तारेच्या आवरणाचा होता. ब्रेकच्या आवरणात पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ओढ बसली की ते किंचित आखडते. गिअरच्या आवरणात तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, म्हणून ते आखडत नाही. वरून दोन्ही सारखीच काळी दिसतात.

त्याहून गंभीर गोष्ट पुढे दिसली. डिरेलर हाताने आतल्या बाजूस ढकलला, तेव्हा तो सर्वांत मोठ्या चक्राच्याही पलीकडे, थेट चाकाच्या ताड्यांपर्यंत गेला. त्याला तेथे रोखणारा स्क्रू दुकानातील खटपटीत सैल झाला होता. चढावर शेवटचा गिअर टाकताच डिरेलर ताड्यांत सापडला असता, चाक जागच्या जागी अडकले असते आणि मुलगा रस्त्यावर फेकला गेला असता. आम्ही बहिणीला ते दाखविले. ती बराच वेळ चाकाकडे पाहत राहिली. कारागिरास दोष द्यावासा आम्हांला वाटत नाही. एका चक्राच्या सायकलींवर ज्याचा हात बसला, त्याच्यापुढे ही नवी यंत्रे कुणी न शिकविताच येऊन उभी राहिली.

नवी तार आणि गिअरचेच आवरण आणले. आवरणाची टोके सरळ कापून, तोंड दाभणाने मोकळे करून टोप्या बसविल्या. तार जोडण्यापूर्वी दोन्ही टोकांचे स्क्रू लावले: एका टोकाला डिरेलरची वरची पुली सर्वांत लहान चक्राच्या बरोबर खाली, दुसऱ्या टोकाला सर्वांत मोठ्या चक्राच्या खाली, ताड्यांपासून दूर. मग तार आवळली. राहिलेली कसर तारेच्या टोकाशी असलेल्या फिरकीने काढली. साखळी वर चढण्यास उशीर करीत असेल, तर मागून पाहता ती घड्याळाच्या उलट दिशेस पाव फेरा फिरवावी. खाली उतरण्यास उशीर करीत असेल, तर सुलट. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पायडल फिरवून ऐकावे. खर्च आला तो तारेचा आणि आवरणाचा.

भाच्याने आठही गिअर चढवून उतरवून पाहिले. मग म्हणाला, "आता फिरकी मी फिरवतो, तुम्ही बघा." त्याला आम्ही एवढेच सांगितले, की दोष जेथे दिसतो तेथेच असतो असे नाही, म्हणून आधी पाहावे, मग मोजावे आणि पाना सर्वांत शेवटी हाती घ्यावा. रविवारी तो तुंगारेश्वरला गेला. दुपारी परतला तेव्हा बहिणीने जेवायला वाढण्याआधी सायकलीचे मागचे चाक स्वतः फिरवून पाहिले.