वाशिंदहून गिरणगावात

आमच्या वाशिंदहून मुंबईला जायचं म्हणजे कसारा लोकल. दादरला उतरून धीम्या गाडीने करी रोडला या, की गिरणगाव आलं. म्हणजे पूर्वी यायचं! आता दिसतात ते टॉवर. लोअर परळला फिनिक्स मिलचं धुराडं तेवढं मॉलच्या आवारात जपून ठेवलंय. पोरी त्याच्यापाशी फोटो काढतात.

बरोबर शेजारच्या काकू होत्या. लालबागला त्यांच्या सासूबाईंची खानावळ होती. संपानंतर खोली विकून ही मंडळी वाशिंदला आली.

गिरणी म्हटलं की आपल्याला भोंगा आठवतो, साचे आठवतात. पण कोकणातून, साताऱ्याहून आलेला गडी बायकोला गावी ठेवून यायचा. एकेका खोलीत वीस-वीस जण, पाळीप्रमाणे झोपणारे. त्यांना जेवू कोण घालायचं? खानावळवाल्या बायका! पैसे पगार झाल्यावर. गडी गावी गेला तर खाडा धरायचा. तोवर वाण्याची उधारी, नाहीतर दागिना सावकाराकडे. या फेऱ्यातून सुटायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली चौदा जणींना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पगार थांबला, भूक कशी थांबणार? सासूबाईंनी कुणाचं ताट बंद केलं नाही. हळूहळू गडी गावी गेले आणि बाकी वहीतच राहिली.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं ठरवलं. तिथे यंत्रं येतीलच; मला वाटतं, परात आणि हिशेबाची वहीही यायला हवी. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभरेक माणसांचं बोलणं ऐकून २००४ साली पुस्तक केलं. आपल्या घरातल्या आजीचं, मामींचं बोलणं उतरवायला मात्र आपणच बसायला हवं. दुपारचा एक तास पुरतो.

सासूबाईंची वही काकूंकडे आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून आम्ही ती धुतलेल्या सुती फडक्यात बांधली, बरोबर कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला. रोज चार पानं मी उतरवते. नाव, गाव, खाडे, बाकी. आतापर्यंत त्रेसष्ट नावं झाली. चिपळूणकडची सर्वांत जास्त.